६०,००० च्या आत लॅपटॉप: रोजचं काम आणि हलक्या गेमसाठी निवड कशी करायची

बारावीचे निकाल लागले, प्रवेश सुरू झाले की नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या संगणक वर्गात नवेकोरे लॅपटॉप यायला लागतात. मुलं हौसेने दाखवायला आणतात. मी टास्क मॅनेजर (आत कोणते भाग आहेत ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडतो आणि बऱ्याचदा दोन मिनिटांत कळतं की पैसे नको तिथे गेलेत. लॅपटॉप वाईट नसतो, निवडीचा क्रम उलटा झालेला असतो. आधी दुकान गाठलं, मग कंपनी ठरली, मग ‘आय फाइव्ह आहे ना?’ एवढं विचारलं, आणि त्यावर करायचं काय हा विचार घरी आल्यावर.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या सहा घरी बसून करायच्या आहेत. त्या झाल्याशिवाय एम. जी. रोड किंवा कॅनडा कॉर्नरला गाडी लावू नका.

## १. कागदावर दोन रकाने

डावीकडे कामं, उजवीकडे गेम. ‘कॉलेजसाठी’ असं लिहून उपयोग नाही. टॅली, एक्सेल, ऑनलाइन लेक्चर, ऑटोकॅड, प्रोग्रॅमिंग, असं नाव घालून लिहा. मेकॅनिकलला प्रवेश घेतला असेल तर कुठलं ड्रॉइंग सॉफ्टवेअर वापरतात हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून या. अँड्रॉइड ॲप बनवायचं असेल तर १६ जीबी रॅमखाली जाऊच नका.

गेमचंही तसंच. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, रॉकेट लीग, जुन्या आवृत्तीतला जीटीए फाइव्ह हे गेम प्रोसेसरमधल्याच चांगल्या ग्राफिक्सवर, सेटिंग खाली ठेवून, व्यवस्थित खेळता येतात. काउंटर-स्ट्राइक २, फोर्झा होरायझन ५ यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं काढणारा स्वतंत्र भाग, असलेलं बरं. सायबरपंकसारखे भारी गेम या बजेटमध्ये मनासारखे चालणार नाहीत, ते यादीतून काढा. बीजीएमआय मोबाईलचा गेम आहे, त्यासाठी लॅपटॉप घेऊ नका.

आणखी एक ओळ लिहा: लॅपटॉप रोज पाठीवर न्यायचा आहे की टेबलावर राहणार आहे? कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन किलोचा असतो, त्याचा जाड चार्जर वेगळा. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्याला किंवा सिटी बसमध्ये उभं राहून कॉलेज गाठणाऱ्याला हा भार महिनाभरात नकोसा होतो.

तपासा: उजव्या रकान्यातले सगळे गेम पहिल्या गटातले असतील तर तुम्हाला वेगळ्या ग्राफिक्स कार्डची गरज नाही. वाचलेले पैसे रॅम आणि स्क्रीनमध्ये घाला.

## २. बजेटमधून आधी वजाबाकी

हाताशी ५५,००० असतील तर लॅपटॉप ५५,००० चा घ्यायचा नाही. माउस, बॅग, स्पाइक गार्ड, कदाचित रॅमची एक पट्टी आणि वाढीव वॉरंटी यांचे भाव विचारून तेवढे पैसे बाजूला ठेवा. उरलेला आकडा तुमचा खरा आकडा.

‘नो कॉस्ट ईएमआय’ घेणार असाल तर त्यातल्या व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी बसतो, प्रोसेसिंग फी वेगळी, आणि रोख खरेदीवरची सूटही कधीकधी हातची जाते. दोन्ही हिशोब शेजारी-शेजारी मांडा आणि मगच ठरवा.

## ३. प्रोसेसर: नाव नाही, पूर्ण आकडा वाचा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. ‘रायझन ५’ किंवा ‘आय फाइव्ह’ हे फक्त घराण्याचं नाव झालं. माणूस कोण, ते पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर सांगतं.

प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीचं उदाहरण घ्या. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दोन्हींवर स्टिकर एकच, आकड्यात फरक फक्त एकाचा. पहिल्यात ४ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे गाभे, आहेत आणि ग्राफिक्सचे २ गट. दुसऱ्यात ६ कोअर आणि ग्राफिक्सचे ७ गट. गेमसाठी ही दोन वेगळीच यंत्रं आहेत. ७००० मालिकेत डावीकडून तिसरा आकडा पाहायचा: २ असेल तर आतली रचना जुनी, ३ असेल तर तिच्या पुढची, ४ असेल तर त्याहून नवी. ७५३५एचएस मिळत असेल आणि कार्ड नको असेल, तर त्याचं आतलं ग्राफिक्स ७५३०यूपेक्षा सरस आहे.

दुसरी कंपनी इंटेल. तिच्यात ‘आय फाइव्ह’ नंतरचे पहिले दोन आकडे पिढी सांगतात. आय फाइव्ह १२३५यू म्हणजे बारावी पिढी, कमी वीज खाणारा. १२४५०एच म्हणजे बारावीच पिढी, पण जास्त ताकदीचा. इथे एक खाच आहे. १२४५०एच आणि १३४२०एच हे प्रोसेसर म्हणून दमदार असले तरी त्यांच्या पोटातलं ग्राफिक्स १२३५यूपेक्षा कमकुवत आहे. ते वेगळ्या कार्डसोबत घ्या. कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ‘एच आहे म्हणजे गेमिंगचा’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

सेलेरॉन, आणि एन अक्षराने सुरू होणारे एन १०० किंवा आय थ्री एन३०५, हे टायपिंग आणि ब्राउझिंगपुरते. त्यांच्यावर गेमची अपेक्षा ठेवू नका. स्नॅपड्रॅगनवरचे लॅपटॉप बॅटरीला उत्तम असतात, पण अँटी-चीट (लबाडीने खेळणाऱ्यांना पकडणारी यंत्रणा) असलेले अनेक गेम आणि काही जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर त्यांवर चालत नाहीत, म्हणून या यादीत ते बसत नाहीत.

थांबा: जाहिरातीत प्रोसेसरचा पूर्ण आकडा दिलेलाच नसेल, तर ते मॉडेल तिथल्या तिथे बाद.

## ४. रॅम: किती, किती पट्ट्यांत, आणि वाढते का

लोक ‘किती’ एवढंच विचारतात. उरलेले दोन प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

विंडोज ११ सुरू होऊन ब्राउझरचे चार टॅब उघडले की ८ जीबीतली मोठी जागा भरलेली असते. वेगळं कार्ड नसेल तर ग्राफिक्सही याच रॅममधून आपला वाटा उचलतं. म्हणून आज घेताना १६ जीबी हा पाया धरा. ८ जीबीचा घ्यायचाच असेल तर वाढवायची सोय आहे याची खात्री करून घ्या.

आता पट्ट्यांचं. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, रॅमशी बोलण्याचा रस्ता जितका रुंद तितकं ते पळतं. १६ जीबीची एकच पट्टी म्हणजे एकपदरी रस्ता. ८ अधिक ८ म्हणजे दुपदरी. एकूण रॅम तेवढीच, पण दोन पट्ट्या असतील तर आतल्या ग्राफिक्सवर गेम ठळकपणे जास्त गुळगुळीत चालतो. इंटेलच्या १२३५यूमध्ये तर हे उघड दिसतं: एकच पट्टी असेल तर विंडोज त्या ग्राफिक्सला ‘यूएचडी’ म्हणतं, दुसरी लावली की तेच ‘आयरिस एक्सई’ म्हणून दिसायला लागतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाने गेम अडखळतो म्हणून नवा लॅपटॉप घेण्याचं घरी बोलून ठेवलं होतं. रिकाम्या खाचेत ८ जीबीची पट्टी बसवली आणि तो विषय तिथेच मिटला.

तिसरा प्रश्न, वाढते का. रॅम तीन प्रकारे येते. दोन मोकळ्या खाचा: सगळ्यात उत्तम. थोडी बोर्डावर चिकटवलेली आणि एक खाच: चालेल. सगळीच चिकटवलेली: मग आज आहे तेवढीच कायमची. वर सांगितलेला ७५२०यू फक्त चिकटवलेल्या रॅमवरच चालतो, त्यामुळे त्याचा ८ जीबीचा लॅपटॉप कधीही १६ चा होणार नाही. ‘नंतर वाढवून देऊ’ हे वाक्य त्याला लागू नाही, आणि तरी ते काउंटरवर ऐकायला मिळतं.

डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. पट्टी विकत घेण्याआधी प्रकार पाहा.

तपासा: कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या तपशिलात मेमरीची ओळ पूर्ण वाचा. ‘सोल्डर्ड’ किंवा ‘ऑनबोर्ड’ शब्द दिसला तर खाच आहे का हे शोधा.

## ५. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर

या बजेटमध्ये प्रामुख्याने आरटीएक्स २०५० आणि आरटीएक्स ३०५० ही नावं समोर येतात. २०५० ला ४ जीबी मेमरी आहे. हलक्या गेमला पुरते, पण नव्या मोठ्या गेमचं टेक्स्चर (चित्रातला बारकावा) खाली ठेवावं लागतं. ३०५० हे ४ आणि ६ जीबी अशा दोन रूपांत येतं. जमलं तर ६ घ्या.

नावाखालोखाल पाहायची गोष्ट म्हणजे वॅट, कार्डाला किती वीज मिळते ते. एकच ३०५० कार्ड लॅपटॉपची कंपनी ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कुठेही बांधून ठेवू शकते. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये ते बहुधा खालच्या टोकाला असते. तपशिलात हा आकडा टीजीपी म्हणून दिलेला असतो. नसेल तर त्याच मॉडेलचा गेम चालवून दाखवणारा व्हिडिओ शोधा आणि मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतो का ते बघा.

कार्ड असलेला लॅपटॉप पूर्ण ताकद चार्जर लावलेला असतानाच देतो. बॅटरीवर गेम संथ झाला म्हणून परत करायला धावू नका.

## ६. स्क्रीन, साठवण, बॅटरी, सर्व्हिस

स्क्रीन आयपीएस आणि फुल एचडी असावी. २५० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) घरात पुरतात, खिडकीशी बसणाऱ्याने ३०० पाहावेत. ‘४५ टक्के एनटीएससी’ (हे रंगांचं माप) लिहिलेल्या स्क्रीनवर रंग फिके दिसतात. गेमिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त लॅपटॉपमध्ये पडद्याचा वेग म्हणून १४४ हर्ट्‌झ ठळक छापतात आणि ही ओळ खाली कुठेतरी असते. फोटो किंवा डीटीपीचं काम करणाऱ्यांनी १०० टक्के एसआरजीबी (रंगांचंच दुसरं माप) असलेलंच घ्यावं.

साठवण ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी. विंडोजमध्ये ती ४७६ च्या आसपास दिसते. मोजण्याची पद्धत वेगळी आहे, फसवणूक नाही. ईएमएमसी नावाची संथ साठवण नको, जुनी फिरती हार्ड डिस्क एकटी तर नकोच. एक जीटीए फाइव्हच १०० जीबीच्या घरात जागा घेतो, त्यामुळे दुसऱ्या एसएसडीची खाच असेल तर त्याचे गुण द्या.

बॅटरीची ताकद वॅट-अवरमध्ये वाचा. ४० च्या आसपास साधी, ५० च्या पुढे चांगली. ‘१० तास’ या दाव्याकडे पाहू नका.

सर्व्हिसचं मात्र मनावर घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचा पिनकोड टाका, सिडकोसाठी ४२२००९, नाशिकरोडसाठी ४२२१०१, आणि जवळचं अधिकृत केंद्र कुठे दाखवतं ते बघा. वॉरंटी ‘ऑनसाइट’ आहे, म्हणजे माणूस घरी येतो, की ‘कॅरी-इन’ आहे, म्हणजे तुम्ही न्यायचा, हेही लिहून घ्या. लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतो म्हणून मुंबईला जाणारे बरेच आहेत. भाडं, एक दिवस आणि काही बिघडलं तर पुन्हा तीच फेरी यांचा हिशोब घातला की एखाद्या हजाराचा फरक उरत नाही, असं माझं मत आहे.

तपासा: आता तुमच्याकडे तीन मॉडेलांची यादी हवी, प्रत्येकाच्या पूर्ण क्रमांकासह. तीनपेक्षा जास्त नकोत.

## ७. दुकानात

यादी हातात ठेवा आणि दोन-तीन दुकानांत फिरा. क्रम असा:

पहिलं, पूर्ण मॉडेल क्रमांक सांगा आणि तोच क्रमांक असलेलं कोटेशन लिहून मागा. ‘हे संपलंय, पण सेम दुसरं आहे’ असं उत्तर आलं की तो दुसरा क्रमांक टिपून बाहेर या, पायरी ३ ते ६ त्याच्यावर करा, मग परत जा. काउंटरवर उभं राहून मॉडेल बदलू नका. मी पाहिलेल्या चुकीच्या खरेद्यांपैकी बहुतेक याच क्षणी झालेल्या आहेत.

दुसरं, विंडोज मूळ परवान्यासह आहे का ते विचारा. ‘डॉस’चा लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण त्यात विंडोज नसतं आणि मागून टाकून दिलेलं बहुधा परवान्याचं नसतं.

तिसरं, रॅम दुकानदाराकडूनच वाढवून घेणार असाल तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला मॉडेल सांगून वॉरंटीबद्दल विचारा. पट्टीची वेगळी नोंद बिलात हवी.

चौथं, बिल. जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल, त्यावर लॅपटॉपचा सिरियल क्रमांक. ‘बिलाशिवाय २,००० कमी करतो’ याला स्पष्ट नाही म्हणा. पुढे वॉरंटीच्या तारखेवरून वाद झाला की हा कागदच तुमच्या बाजूने बोलतो.

ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याचं नाव आणि ‘परत’ की ‘फक्त बदली’ हे धोरण वाचा. ओपन बॉक्स डिलिव्हरीत डबा उघडून आतलं पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नका. पार्सल फोडताना लेबलपासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ काढा.

जुना घेत असाल तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचाच घ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठवीच्या आधीच्या पिढ्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. व्हॅलोरंटही विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू असल्याशिवाय सुरू होत नाही.

## ८. पहिल्यांदा सुरू करताना: खातं तुमचंच

ही पायरी लोक दुकानदारावर सोपवतात आणि त्याची किंमत वर्षभराने मोजतात.

सेटअपच्या वेळी विंडोज ईमेलवरचं मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. दुकानातला मुलगा घाईत स्वतःचं किंवा तात्पुरतं खातं टाकतो. लॅपटॉपसोबत आलेलं कायमचं ऑफिस त्या खात्याला बांधलं जातं. विंडोज ११ डिस्कला कुलूप लावतं आणि त्याची किल्लीही त्याच खात्यात जाऊन बसते. माझ्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप अपडेटनंतर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागत थांबला. खातं दुकानात बनवलेलं, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. तिच्या प्रकल्पाच्या फाइल गेल्या त्या गेल्याच. मला अजूनही त्याची चुटपुट लागते, कारण दहा मिनिटांचं काम होतं.

म्हणून डबा घरी आणा, किंवा दुकानातच बसून स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ईमेलने सेटअप करा. लगेच ऑफिस उघडून त्याच खात्यावर सक्रिय करा. खात्यात जाऊन रिकव्हरी की दिसते का पाहा, वहीत लिहून ठेवा. सी ड्राइव्हला १०० जीबी आणि बाकीचं डीला, अशी वाटणी कुणालाही करू देऊ नका. वर्षभरात सी भरतो.

## ९. त्याच दिवशीच्या तपासण्या

डबा, लॅपटॉपचा तळ आणि बिल, तिन्हीकडचा सिरियल क्रमांक जुळवा. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटी कधीपासून धरली आहे ते पाहा. बिलाच्या आधीची तारीख दिसली तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, मेमरीचा आकडा, ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढची संख्या आणि ग्राफिक्सचं नाव तुमच्या कागदाशी पडताळा.

पांढरं, काळं, लाल, हिरवं चित्र पूर्ण पडद्यावर लावून मेलेले ठिपके शोधा. नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ दाबा. कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, प्रत्येक यूएसबी खाच, वाय-फाय.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करून एंटर दाबा. एक फाइल तयार होते. त्यात ‘डिझाइन’ आणि ‘फुल चार्ज’ हे दोन आकडे नव्या लॅपटॉपमध्ये जवळजवळ सारखे हवेत. मोठा फरक म्हणजे माल बराच काळ पडून होता किंवा वापरलेला आहे.

विंडोज अपडेट आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर या दोन्ही गोष्टी पूर्ण होईपर्यंत गेमवरून मत बनवू नका.

## १०. पहिला आठवडा आणि नाशिकचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो. त्या वेळी गादीवर लॅपटॉप ठेवून गेम खेळलात तर खालची हवा बंद होते, प्रोसेसर स्वतःला आवरतो आणि गेम अडखळतो. टेबलावर ठेवा, मागची कड एखाद्या जाड वहीने उचला, आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधा. ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर त्याहून जास्त दिसतही नाहीत.

चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, स्टॅबिलायझर लागत नाही. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा स्पाइक गार्ड असू द्या. धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लॅपटॉप परत नेण्याआधी घरातल्या तीन पिनच्या प्लगचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कायम चार्जरवर राहणार असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा.

बदलीची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावरून पाहून मोबाईलमध्ये दोन दिवस आधीची आठवण लावा. त्या दिवशी तुमच्या यादीतला सगळ्यात जड गेम पाऊण तास चालवा, नंतर झाकण मिटून रात्रभर ठेवा आणि सकाळी बॅटरी किती उतरली ते लिहा. अचानक बंद पडणं, पडद्यावर रेघा, रात्रीत निम्मी बॅटरी, यातलं काहीही दिसलं तर व्हिडिओ काढून त्याच दिवशी लेखी तक्रार करा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, फोन करताना बिल आणि सिरियल क्रमांक हाताशी ठेवा.